सुगंधाची वरची दाढ

"साहेब, हिले बांधूनच पाहा. नाही जमलं तं उद्या नागपूरच्या पागलखान्यात नेऊन टाकतो." सुगंधाचा भाऊ शांतपणे म्हणाला.

मी तेव्हा अर्जुनी मोरगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात डेंटिस्ट होतो. सुगंधा तिशीची, जन्मापासून मतिमंद. तेव्हा हाच शब्द चालायचा. बोलायची नाही. दोन-अडीच महिन्यांपासून धड जेवत नव्हती, उजव्या गालावर बुक्क्या मारून घ्यायची, आवरायला गेलं की चावायची. डोकं आणखी बिघडलं, असं घरात ठरलं होतं.

तिला डेंटल चेअरवर बसवलं. मी खुर्चीची पाठ मागे घेतली, लाइट लावला. तिने ट्रे उडवला, माझा चष्मा उडवला आणि पळाली. मी जाम वैतागलो.

चष्मा शोधून बाहेर आलो, तर व्हरांड्यात आई फतकल मारून बसलेली, सुगंधाचं डोकं तिच्या मांडीवर. आई उवा पाहत होती. लेकीचे डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं.

"माय, हे रोजचं?"

"रोजचंच जी. उवा नाही तिच्या डोक्यात. पण पाह्यलं का चूप रायते."

मी टॉर्च आणि दातांचा छोटा आरसा घेऊन फरशीवर बसलो. उजवीकडची वरची दाढ कुजलेली, हिरडीत पू. एवढ्या ठणक्यात मीही चावलो असतो.

भावाला म्हटलं, "नागपूर आठ दिवस थांबव."

पाच दिवस गोळ्या दिल्या. मग तिथेच व्हरांड्यात, आईच्या मांडीवर, हिरडीत बधिरतेची सुई देऊन दाढ काढली. हलतच होती. आईचा केसांतून फिरणारा हात थांबला नाही. तेवढ्यात आमचे सुपरिंटेंडेंट आले.

"डॉक्टर, चेअर बिघडली का?"

"नाही सर. पेशंटला नकोय."

"रजिस्टरमध्ये काय लिहिणार?"

"दाढ काढली."

ते गेले.

आठवड्याने भाऊ एकटाच आला. "पोटभर भात खाऊन रायली, साहेब. मारत नाही, चावत नाही. नागपूर कॅन्सल." नोंदीसाठी त्याने जुना कागद पुढे केला. दोन महिन्यांपूर्वीचा, आमच्याच ओपीडीचा. 'पेशंट सहकार्य करत नाही. मानसोपचारासाठी नागपूरला न्यावे.' खाली माझी सही.

"तुमीच तं लिहून देल्लं होतं," तो म्हणाला. तक्रार नव्हती; माहिती दिली.

मला काही आठवेना. फार लाज वाटली.

तो शेरा मी पुन्हा कुणाच्या कागदावर लिहिला नाही. सहकार्य कुणी केलं नव्हतं, ते सहीसकट समोर होतं.