उकिडवा

साठ सालाच्या आसपास मी आर्णीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. बाजारात कडुनिंबाखाली एक विशीतला न्हावी दिवसभर उकिडवा बसून दाढ्या करायचा. पिकलं सीताफळ धरावं तशी तो गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरायचा.

एकदा तो माझ्याकडे आला. गुडघा उंच उचलून चालायचा, तरी उजवं पाऊल लोंबायचं. पावलावर टाचणी टोचली, तर त्याला कळेना. मला रोग ओळखायची भारी घाई. रांगेतल्या माणसांसमोरच बोलून गेलो, "महारोग दिसतो."

अंगावर चट्टा आहे का, ते नंतर पाहिलं. नव्हता. मग कुठे विचारलं, "दिवसभर बसतोस कसा?" त्यानं बसून दाखवलं. गुडघ्याजवळची नस तिथेच दबत होती.

तो पाटावर बसू लागला. तीन महिन्यांत पाऊल उचललं, पण गिऱ्हाईक फिरकेना.

"पाय बरा झाला जी," तो म्हणाला. "आता तुमीच एकडाव बजारात, सर्वायसमोर, माह्या हातून दाढी करून घ्या."

मी गालावरून हात फिरवला. सकाळीच घरी केली होती. "पुढच्या बाजारी," म्हटलं.

पुढच्या बाजारी चार दिवसांची दाढी वाढवून गेलो. कडुनिंबाखाली दुसराच न्हावी बसला होता, उकिडवा.