बारा फेऱ्या

मी काही धुतल्या तांदळासारखा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात पुष्कळांशी वाकडं वागलो, आणि त्यातल्या बहुतेकांची लाज चार दिवसांत विरूनही गेली. ही एक मात्र हटत नाही.

पासष्टची लढाई थांबून तीन-चार महिने झाले होते. बेंगळुरात मी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो आणि तिथल्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी. बेळगावात कॉलेजात असताना थोडाफार खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर. संघ निवडायचो आम्ही दोघं: मी आणि माझे वरचे साहेब. साहेबांना ऑफसाइड म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा यादी खरं तर माझीच.

आमचा लेफ्ट-आउट, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारा, तिथल्याच शिवाजीनगरातला मुसलमान तरुण होता, बावीस-तेवीसचा. काय पळायचा लेकाचा! चेंडू पायात आला की समोरच्यांची नुसती तारांबळ. खेळाडू म्हणून त्याला वर्षभरासाठी तात्पुरता घेतला होता, काम लेथवर. कारखान्यांच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो, तेव्हा कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी शब्द दिला की फायनल खेळणाऱ्यांना कायम करू. याचे वडील अंथरुणाला खिळलेले, मागे लहान भावंडं. ती फायनल म्हणजे त्या घरातली भाकरी होती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

फायनल नेमकी रमजानात आली. यादी करायला बसलो तेव्हा साहेब म्हणाले, "त्याचा रोजा असणार. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. पळणार कसा?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मग साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि दिवस हे असे. त्या लोकांच्या मनात काय असतं, कुणी सांगावं?"

त्यालाही मी "बरोबर आहे" म्हणालो. जगाला सांगायला पहिलं कारण होतं, पण त्याचं नाव माझ्या हातानं खोडलं गेलं ते दुसऱ्यामुळे. लढाईच्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून कारखान्याच्या काचांना काळा कागद लावला, तेव्हा शिडीवर तोच चढला होता. तरीही मी त्याच्यासमोर रेडिओवरच्या बातम्यांविषयी बोलायचं टाळायला लागलो होतो. त्यानं काय केलं होतं? काही नाही. मीच मनातून सडलो होतो.

त्या दिवशी माझी संकष्टी होती. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं तोऱ्यात सांगितलं, संघाच्या हितासाठी मन कसं घट्ट केलं वगैरे. ती नैवेद्याचे मोदक वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आज तुम्हीही रजा टाकायची होती की. उपास होता ना तुमचा?" डब्यात साबुदाण्याची खिचडी तिनंच भरून दिली होती, वर कारखान्यात माझे तीन चहा झालेले. मी तिच्यावर खेकसलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

बोर्डावर आपलं नाव नाही हे बघून दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मला रागवायला तरी मिळालं असतं. तो नुसता म्हणाला, "साब, मेरेकू दौड़ा के देखो. थक गया तो नक्को लेव."

नाही म्हणायला जीभ रेटेना. शिफ्ट सुटल्यावर मैदानावर गेलो. म्हटलं, पाच-सहा फेऱ्यांत याची जीभ बाहेर येईल आणि आपली सुटका होईल. सहा झाल्या. आठ झाल्या. मी मनात म्हणत होतो, पड रे बाबा, एकदा पड. हो, हेच म्हणत होतो. बारा फेऱ्या मारून तो माझ्यासमोर येऊन थांबला. ओठ वाळून पांढरे पडले होते, पण दोन मिनिटांत श्वास जाग्यावर आला.

"और दौड़ूं साब?"

"पुरे," मी म्हणालो, "पण आता यादी लागली ना."

यादी काय ब्रह्मदेवानं लिहिली होती? चार टाचण्यांवर लटकत होती, आणि त्या बोर्डाची किल्ली माझ्याच खिशात होती.

फायनल आम्ही जिंकलो. हरलो असतो तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. जिंकल्यामुळे निवड अचूक ठरली आणि साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. याच्या जागी खेळलेला कायम झाला. याचं वर्ष भरलं तेव्हा त्याच्या कागदावर शेरा मारायचं काम माझ्याकडेच आलं. मी लिहिलं: दमसास कमी. शेण खायचं ते असं, सहीनिशी.

शेवटच्या दिवशी तो जर्सी आणि बूट परत करायला आला. जर्सी धुऊन इस्त्री केलेली. दुसऱ्या एका कारखान्याच्या संघात त्याची चाचणी होती, त्यासाठी त्याला माझी चिठ्ठी हवी होती.

"साब, एक लाइन लिख देव. रोजे में भी दौड़ता बोल के. वहां भी येइच पूछेंगे."

एवढंच मागणं. त्यात खोटं काही नव्हतं. फेऱ्या मी स्वतः मोजल्या होत्या. पण ती ओळ लिहिली की माझा शेरा खोटा पडत होता. कुणी दोन कागद शेजारी ठेवले तर? मी टाइपरायटर पुढे ओढला आणि लिहिलं, वागणूक चांगली, कामावर वेळेवर येतो. सही केली, शिक्का मारला.

इंग्रजीत त्याला आपल्या नावापलीकडे वाचता येत नव्हतं. त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "वो लाइन लिख दिये ना साब?"

मी म्हणालो, "हौ."