माझ्या डोक्यातला पांढरा ठिपका

पोटभर हसा, पण आधी हातातली कॉफी खाली ठेवा. मी माझं डोकं अख्ख्या गल्लीला दाखवत फिरले होते, त्याची ही गोष्ट.

नव्वद सालानंतरची. आम्ही कुंभकोणमची मराठी माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरी तिघंच: हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण, अंबू वन्सं. मला अर्धशिशी. ती उठली की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वाससुद्धा नको. आणि वन्संचं म्हणणं, "डोकं सगळ्यांनाच असतं गं. स्वयंपाकाच्या वेळी दुखणारं तेवढं तुझंच."

शेवटी डॉक्टरांनी तंजावरला पाठवून स्कॅन काढवला. रिपोर्ट त्यांच्या नावे, बंद पाकिटात. ते उघडायला हे तयार नाहीत, आणि डॉक्टर गेलेले लग्नाला परगावी. पण फिल्म तर मोकळीच होती ना? मी ती खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या मेंदूचे काप ओळीनं मांडलेले, आणि मधोमध तांदळाएवढा पांढरा ठिपका.

आधी वाटलं, संपलं सगळं. आणि लगेच, काय सांगू, आनंद झाला. पुरावा सापडला होता.

"वन्सं, हे पाहा. हे दुखतं माझं."

वन्संनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मी तुला नाही नाही ते बोलले गं."

झालं. चूल त्यांनी घेतली. मला अंथरुणावर कॉफी. शेजारच्या राजम मामी पाहायला आल्या, त्यांनाही फिल्म दाखवली. मग समोरच्यांना. मग कोपऱ्यावरच्या शिंपिणीला. प्रत्येक जण "पावम्, बिचारी" म्हणायचा आणि मी उशीला टेकून मान डोलवायची. डोकं दुखत नसतानासुद्धा.

डॉक्टर परतले. आम्ही तिघंही गेलो. त्यांनी फिल्म पाहिली, रिपोर्ट वाचला. "सगळं ठीक आहे."

"आणि तो ठिपका?" मी विचारलं.

"तिथं एक ग्रंथी असते, तिच्यात कॅल्शियम साठतं. वयानं बहुतेकांच्यात दिसतं. माझ्यात असेल. ह्या बाईंच्यातही असेल." त्यांनी वन्संकडे बोट केलं.

"मग माझं दुखणं खोटं?"

"छे, दुखणं खरंच आहे. पण अर्धशिशी फिल्मवर दिसत नाही, अम्मा. दुसरं काही नाही ना, एवढंच पाहायला स्कॅन."

मी मान खाली घातली. आता वन्सं मला सोलून काढणार. पण रिक्षात त्या आपलंच कपाळ चाचपत बसल्या. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "माझ्यातही आहे म्हणाले ना ते?"

"अहो, सगळ्यांच्यातच असतं. त्यानं काही होत नाही."

"तुझा होता तेव्हा शिंपिणीपर्यंत दाखवलास. माझा निघाला, तर काही होत नाही?"

घरी येऊन त्या थेट अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि कपाळावर ओलं फडकं ठेवून निजल्या. हे पाय चेपायला बसले.

संध्याकाळी राजम मामी संत्री घेऊन आल्या. मी हात पुढे केला, तर मला ओलांडून आत जाता जाता म्हणाल्या, "पावम्, किती सोसलं त्यांनी, कधी बोलल्या नाहीत. आणि तू धडधाकट, अशी उभी काय राहिलीस? कॉफी टाक त्यांना."