न थांबणारे कॉलम आणि आमची खानावळ

शिक्रापुरात माझ्या आईची खानावळ आहे. जवळच्या औषध कंपनीतली माणसं तिथं जेवतात. भांडी घासली की संपतात, या लोकांचे किस्से मात्र साठतच जातात! मी पोळ्या वाढते, फारसं बोलत नाही. त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं.

* * *

मंगलताई मांडवगण फराट्याची. कंपनीत ऑपरेटर, पण तेव्हा टेम्पररी. तिचे वडील, आप्पा, पहिल्यांदा भेटायला आले. जेवताना विचारू लागले, "तुमचं औषध बनतं तरी कशात?"

"पेशींमधी, आप्पा. टाकीत वाढवतो. मूळ पेशी उंदरासारख्या एका प्राण्याच्या."

आप्पांचा घास हातातच राहिला. "आम्ही उसात उंदरं मारायला औषध टाकतो, आन् तुम्ही उंदरापास्नं औषध काढता व्हय!"

* * *

टाकीतल्या पाण्यातून फक्त अँटिबॉडी, म्हणजे औषधाचं प्रोटीन, वेगळी काढायची, हे ताईच्या सेक्शनचं काम. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली नळी. अँटिबॉडी मण्यांना चिकटते, बाकीचं वाहून जातं. मग आंबटसर पाणी सोडून ती सुटी करायची. आधी हे एकाच मोठ्या कॉलमवर थांबत थांबत चालायचं. साहेबांनी, म्हणजे शेख सरांनी, छोटे तीन कॉलम आळीपाळीनं, न थांबता चालवायची ट्रायल काढली.

आईला काही कळेना. सर म्हणाले, "काकू, एका ताटात माणूस जेवतोय, दुसरं घासलं जातंय, तिसरं पुसून तयार. तुमचं गिऱ्हाईक कधी थांबतं का?"

आई म्हणाली, "मग एवढं शिकायला पुण्याला कशाला गेलात? इथंच भांड्यांना बसायचं!"

* * *

दसऱ्याला या तीन कॉलमच्या नव्या मशीनची पूजा हवीच, असा सगळ्यांचा हट्ट. पण क्लीन रूममध्ये झेंडूची पाकळीसुद्धा चालत नाही. शेवटी मशीन ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्यालाच हार घातला, नारळ फोडला. शेख सरांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला खोकं न्यायला आला, तर वॉचमन आडवा! "पूजा झालीया त्याची. देव हाय तो आता, भंगार न्हाई!"

* * *

मे महिन्यात, भर दुपारी, मंगलताई स्वेटर घालून जेवायला आली. कोल्ड रूममधून थेट! शेजारच्या टेबलावरचा ट्रक ड्रायव्हर काळजीनं म्हणाला, "बहनजी, बुखार है?"

"नहीं भैया, ड्यूटी है!"

* * *

ट्रायल मधेच कुठं न थांबता पार पडली, तर ताई परमनंट होणार होती. नाही तर नोकरी संपणार. मग आप्पा ठरवतील तिथं लग्न करायचं, असं घरी ठरलं होतं.

ट्रायलच्या शेवटच्याच दिवशी आप्पा दौंडकडचे पाहुणे घेऊन हजर! ताईला रजा मिळेना, म्हणून मुलगी बघायचा कार्यक्रम आमच्या खानावळीत. ताई जेवणाच्या सुट्टीत धावत आली. ना साडी, ना पावडर, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ.

मुलाच्या मामांनी विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडशील न्हवं?"

ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि उठली. "माफ करा मामा, कॉलम बदलायची वेळ झाली."

ती गेलीसुद्धा! मी पोह्यांच्या बशा घेऊन तशीच उभी.

मामा भडकले. "ही काय रीत झाली? बोलवा तिला माघारी!"

आप्पा दारापर्यंत गेले. ताई ट्रकांमधून वाट काढत रस्ता ओलांडत होती. ती कंपनीच्या गेटात शिरेपर्यंत ते बघत राहिले. मग आत येऊन शांतपणे खाली बसले.

"पाहुणं, ते मधीच थांबवता येत न्हाई. तुम्ही पोहे खा आन् निघा."