धवल्याची जोडीदारीण

कुणाच्या घरी मृत्यू झाला की माणसे लगेच जातात. भामाकाकी लगेच जात नसे. सैनिकाच्या घरी तर महिना-दीड महिना उलटल्याखेरीज ती पाऊल ठेवत नसे, आणि त्यामुळे तिला नीट न ओळखणाऱ्यांना ती काहीशी कोरडी वाटे.

"पैल्या दिवसांत घर भरलेलं असतं," ती म्हणे. "सरपंच येतो, मामलेदार येतो, हार येतात. बाईला रडाया पन जागा नसते. समदी उठून गेली का मग मी जाते."

जाताना ती हातात काही नेत नसे. पडवीत बसायचे आणि काम मागायचे, ही तिची पद्धत. "तांदूळ निवडायचे हायेत का? आन सूप इकडं." धीर धर, त्याने देशासाठी प्राण दिले, असली वाक्ये तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. दोन तास तांदूळ निवडून ती उठे आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा येई.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे, भातशेतीच्या कडेला आमचे गाव आहे. भामाकाकीचा नवरा सुदाम एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सीमेवर पडला. लग्नाला दोन वर्षे झाली होती, मूल नव्हते. त्यानंतर वर्षभर ती माजघराच्या मागच्या खोलीत बसून राहिली. तिथून तिला बाहेर काढले ते तिच्या मावशीने. मावशी धवलारीण होती.

आमच्या आगरी समाजात लग्नाचे विधी भटजीच्या आधी धवलारीण चालवते. मांडवाची मेढ रोवणे, उंबराची फांदी आणणे, देव बोलावणे, हळद लावणे, अशा प्रत्येक विधीचे गाणे, म्हणजे धवला, तिला पाठ असावा लागतो. तिने म्हटल्याखेरीज हळदीला हात लागत नाही. धवलारीण विधवा असली तरी तिचा मान उणा होत नाही, ही जुनी रीत. ज्या मांडवात एरवी विधवेने मागे राहावे अशी अपेक्षा, त्याच मांडवात ती मधोमध पाटावर बसते. मावशीने भामाकाकीला तो पाट मिळवून दिला. पुढे पंचक्रोशीत तिच्याशिवाय लग्ने लागेनाशी झाली.

पनवेल तालुक्यात तिच्यासारख्या, सैनिकांच्या विधवा, आणखी चौघी-पाचजणी होत्या. पेन्शनीचे, सैनिकांच्या कचेरीचे काम अलिबागला असे, आणि एकटीने जायचे नाही असा त्यांनी आपापसात नियम केला होता. एकीचे काम असले तरी सगळ्या पनवेलच्या एसटी स्टँडवर जमत. पनवेलच्या मोहल्ल्यातली हमीदाबी त्यांत वयाने मोठी. तिचा नवरा पासष्टच्या लढाईत गेलेला. एकदा कंडक्टरने विचारले, "काय मावशी, आज सगळी फौज कुठे निघाली?"

"माहेरी," हमीदाबी म्हणाली. "अलिबागला सरकार आमचा बाप बसलाय. तो काही बोलावत नाही, म्हणून आपणच जातो, बाबा."

बसभर हशा पिकला. वडखळला बस थांबली की त्या उतरून वडे खात. कचेरीत काम होवो न होवो, परतताना त्यांच्या चेहऱ्यांवर सहलीहून आल्यासारखी टवटवी असे.

सत्त्याऐंशीच्या अखेरीस आमच्याच गावचा सैनिक जगन शांतिसेनेत असताना श्रीलंकेत, जाफन्याच्या बाजूला मारला गेला. त्याचे वडील काशिराम मिठागरावर मुकादम होते, आई सोनाबाई, बहीण दिपा शाळा संपवून घरी होती. बायको प्रमिला तेवीस वर्षांची. गावाने मोठी मिरवणूक काढली, भाषणे झाली. दीड महिन्याने भामाकाकी त्यांच्या पडवीत जाऊन बसली.

"सोना, तांदूळ हायेत का निवडायला?"

सोनाबाईने सूप दिले. प्रमिलाला बोलावले नाही, पण ती आपण होऊन बाहेर आली आणि समोर बसली. पहिले तीन-चार आठवडे ती एक अक्षर बोलली नाही. भामाकाकीही बोलली नाही. मात्र खडे वेचताना धवला गुणगुणण्याची तिची सवय होती. एकदा उंबराच्या धवल्यातली ओळ अर्धी सोडून ती सुपाबाहेर पडलेले दाणे गोळा करू लागली, तर समोरून प्रमिलाने हळूच ती ओळ पुरी केली. भामाकाकीने मान वर केली नाही. पुढची ओळ म्हटली आणि पुन्हा अर्ध्यावर थांबली.

असा तो अभ्यास सुरू झाला. प्रमिलाचा आवाज बारीक, पण सरळ जाणारा होता. वर्षभरात मेढीपासून हळदीपर्यंतचे सगळे धवले तिच्या तोंडी बसले. धवला दोघींनी मिळून म्हणायचा असतो. पद्धत अशी, की एक कडवे भामाकाकीने म्हणायचे, दुसरे प्रमिलाने. धवल्यांत घरच्या माणसांची नावे घालावी लागतात. पण मांडव नसताना खऱ्या माणसाचे नाव धवल्यात घेऊ नये असा दंडक आहे. म्हणून शिकताना नावाच्या जागी 'अमका' म्हणतात. पडवीत वर्षभर अमका येत होता आणि अमकी येत होती.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात दिपाचे लग्न ठरले. दिपा आणि प्रमिला नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त होत्या. वहिनी मांडवात नसेल तर मी पाटावर बसणार नाही, असे दिपाने आईला सांगितले. सोनाबाई म्हणाली, "बसू नको. तुझा बाप बसंल हळद लावून."

सोनाबाई दुष्ट नव्हती. सुनेला तिने कधी उपाशी ठेवले नाही, कधी वाईट बोलली नाही. पण लग्नाच्या चार दिवसांत प्रमिलाने मागच्या खोलीत राहून धान्य मोजून द्यावे, पुढे येऊ नये, हे तिने मनाशी ठरवले होते. लोक काय म्हणतील, हे तिचे कारण. निदान सांगायचे कारण तेवढेच होते. प्रमिलाने वाद घातला नाही. "मी हाय मागं," एवढेच ती म्हणाली. ते भामाकाकीच्या कानावर गेले.

भामाकाकी दुसऱ्या दिवशी सकाळीच सोनाबाईकडे आली.

"सोना, तुझ्या मांडवाला माझी जोडीदारीण नाय. नेहमीच्या हौसाला दम्यानं धरलीय, ती उरणला लेकीकडं गेली."

"मग दुसरी बघ."

"दुसरी तुझ्या घरात हाय."

सोनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "भामा, ती नवरीची सख्खी वहिनी हाय. दीड वरीस झालं नाय अजून. तुझी गोष्ट येगळी."

"कशी येगळी? माझा का शेजाऱ्याचा नवरा मेला?"

"तुझं समदं जुनं झालं."

"मी पैल्यांदा पाटावर बसले तवा प्रमिलाएवढीच होते. तूच व्हतीस ना पुढं, टाळ्या वाजवीत?"

सोनाबाईने भाकरी तव्यावर टाकली. "एकटीनं म्हन तू."

"एका बैलानं नांगर चालत नाय. उरणची कुनी आन. ती तुझ्या कुळदेवाच्या जागी शेजारच्या घरचा देव बोलावील, मग माझ्याकडं येऊ नको."

हा धाक बरोबर जागी बसला. काशिराम ओट्यावरून म्हणाले, "सोना, देव चुकला तर वरातीपर्यंत तूच मला खाशील. घे तिचं ऐकून." सोनाबाईने अखेर मान डोलावली, पण अट घातली: प्रमिलाने मांडवाच्या मधोमध बसायचे नाही, खांबाच्या आड बसून म्हणायचे.

मांडवाच्या दिवशी सकाळीच बायका जमल्या. दिपा पाटावर बसली होती. भामाकाकी तिच्या उजवीकडे, आणि खांबाच्या आड प्रमिला. मला जिथून दिसत होते तिथून तिचा गुडघा आणि एक हात तेवढा दिसत होता. देवांचा धवला सुरू झाला. गणपती आला, एकवीरा आली, गावदेवी आली. एक कडवे भामाकाकीचे, एक खांबामागचे. बारीक आवाज मांडवात भरू लागला, तशी कुजबुज थांबली. मागची एक बाई म्हणाली, "ही कोन गो?" दुसरी म्हणाली, "जगनची."

देवांनंतर पितरांचा धवला असतो. त्या घरातली गेलेली माणसे लग्नाला बोलवायची. त्यांना बोलावल्यावरच हळद लागते. भामाकाकीने पहिले कडवे उचलले. ते दिपाच्या आज्याचे होते.

"सरगीच्या वाटेनं कोन गो येतो,
आजा नवरीचा बाळ्या गो येतो."

बायकांनी ती ओळ परत म्हटली. पुढचे कडवे प्रमिलाचे. तिने उचलले.

"सरगीच्या वाटेनं कोन गो येतो,
दादा नवरीचा..."

आणि ती थांबली.

त्या घरात आज्यानंतर गेलेला एकच माणूस होता. पडवीत त्या जागी नेहमी 'अमका' येत असे, आणि कडव्यांच्या पाळीत ही जागा कुणाच्या वाट्याला येते याचा हिशेब गुरूने केला नव्हता, शिष्येनेही नाही. नवऱ्याचे नाव बायको तोंडाने घेत नाही. उखाण्यात घेते, पण उखाणा घेण्याचे तिचे दिवस संपले होते. गाणे अर्ध्यावर थांबणे अशुभ, आणि दुसरीने मध्ये ओळ उचलणे म्हणजे पहिलीचा पाट काढून घेणे. त्यानंतर प्रमिलाला कोणत्याही मांडवात कुणी बसवले नसते.

"पुढचं शिकवलं नाय वाटतं," मागून आवाज आला.

भामाकाकीचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत तिला मी गोंधळलेली पाहिली नव्हती. खांबामागचा हात मुठीत वळला होता. दिपा पाटावर रडू लागली. शेवटी भामाकाकीने ओळ स्वतः उचलण्यासाठी तोंड उघडले.

"भामा, तू गप."

सोनाबाई हळदीचे ताट घेऊन माजघराच्या दारात उभी होती. "तिची ओळ हाय."

सोनाबाई खांबाकडे बघत म्हणाली, "घे नाव. माझा पोरगा बहिनीच्या लग्नाला यायचा नाय काय? घे, पोरी. तू बोलावलंस तर येल तो."

प्रमिलाने ओळ पुन्हा आरंभापासून घेतली. नावावर आवाज फाटला. तिने श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा म्हटली, या वेळी सरळ, शेवटपर्यंत.

"दादा नवरीचा जगन गो येतो."

बायकांनी ओळ परत म्हटली. इतक्या मोठ्याने म्हटली की बाहेर मंडपवाल्यांशी बोलत असलेले काशिराम आत येऊन दारापाशी उभे राहिले. सोनाबाई ताट घेऊन खांबापाशी आली.

"आड काय बसलीस? हळद कुनी लावायची? चल, पुढं हो."

प्रमिला उठून दिपाच्या डाव्या बाजूला बसली. त्यानंतर हळद लागली, आणि हळदीचे सगळे धवले न अडखळता झाले.

जेवणाच्या पंगती उठल्यावर मागच्या अंगणात भामाकाकी हात धूत होती. प्रमिला तिच्यापाशी गेली. भामाकाकी तिच्याकडे न बघता म्हणाली, "वरीसभर अमका अमका करीत बसले. एवढी लग्नं लावली मी, आनि ध्यानात आलंच नाय. मला पायतानानं मारायला पायजे."

"कुनी मारायचं?" प्रमिलाने विचारले. "मी शिष्या हाय. मला चालत नाय."

"मग हमीदाबीला सांग. तिचा हात चालतो."

दोघी हसल्या. दीड वर्षात प्रमिलाला हसताना मी पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी.

पुढे भामाकाकी अलिबागला जायची तेव्हा प्रमिला तिच्याबरोबर असे, आणि नव्या कुणाच्या पडवीत जाऊन सूप मागायचे कामही तिने उचलले. कारगिलच्या उन्हाळ्यानंतर तर त्या दोघींना दूरदूरच्या गावांतून फिरावे लागले. मी आता नवीन पनवेलला राहते. गावी फेरी झाली की दोघींपैकी एक तरी बहुधा बाहेर गेलेली असते.

पण मला अधिक आठवते ती दिपाच्या लग्नानंतरच्या माघ महिन्यातली एक दुपार. मी सोनाबाईकडे बसले होते. उरणच्या बाजूचे एक गृहस्थ नारळ-सुपारी घेऊन आले. त्यांच्या मुलाचे लग्न होते.

"धवलारीण इथंच राहते ना?" त्यांनी विचारले. "बारीक आवाजाची."

प्रमिला आत होती. सोनाबाईने पदर सारखा केला आणि त्यांना बसायला घोंगडी दिली.

"हाय ना, इथंच राहते. बसा, पानी घ्या," ती म्हणाली. "पन आधी ऐकून घ्या. तिला थंड पानी द्यायचं नाय, आवाज बसतो. सकाळी चहा लागतो, आल्याचा. आनि मांडवात पंखा तिच्या तोंडावर लावायचा नाय. कबूल असंल तर नारळ ठेवा."

गृहस्थांनी नारळ ठेवला.