माणसाचाच हात पाहिजे

"हाथ नाख, काका," शेठ म्हणाला, आणि माझ्या बापानं फिरत्या रोलमध्ये हात घातला.

कापड पिळायचे दोन रबरी रोल. एकावर एक घट्ट बसलेले. ओलं कापड त्यातून गेलं की पाणी एका झटक्यात निघतं. हात गेला तर खांद्यापर्यंत ओढला जातो, हे मिलमधल्या झाडूवाल्यालाही माहीत. आबानं बाही वर सारली. बोटं रोलच्या तोंडाशी नेली. खट् आवाज झाला, रोल थांबले, वरचा रोल उचलला गेला. आबानं हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. बोटं शाबूत होती, निळ्या रंगानं माखलेली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका हातात खमणची प्लेट, म्हणून नीट वाजेनात. शेठचा साडू ओरडला, "फरीथी!" म्हणजे पुन्हा. आबानं पुन्हा हात घातला. साडूची बायको खुर्चीत उशिरा येऊन बसली, तिला दिसलं नव्हतं. तिच्यासाठी आणखी एकदा.

"आ अमारो टेस्टिंग हाथ छे," शेठचा मुलगा, छोटा शेठ, तिला म्हणाला. सगळे हसले. आबाही हसला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. मग त्यालाही खमण मिळालं, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. उजवा हात रंगात बरबटलेला, त्यानं डाव्या हातानं खाल्लं. कोपऱ्यात, उकिडवा बसून. मी पॅनलशेजारी उभी होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

कारण ती मशीन थांबवणारी पेटी मी बनवली होती.

आम्ही खानदेशातले. आबा सुरतेला आला तेव्हा आधी लूमवर होता, मग या रंगाईच्या मिलमध्ये लागला. नवागामला एका खोलीत आम्ही राहायचो. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आमच्या गल्लीत तोवर कुणा पोरीनं केला नव्हता. आबानं शेठच्या हातापाया पडून मला त्याच मिलमध्ये चिकटवलं. हजेरीवर मी 'हेल्पर'. कामाला मात्र छोट्या शेठची अख्खी लॅब माझ्या गळ्यात.

छोटा शेठ अमेरिकेत शिकून आला होता. येताना काचेच्या केबलचं भेंडोळं आणि एक कल्पना घेऊन आला. मिलमध्ये एकापाठोपाठ एक मशीन असतात, त्यांनी आपसात बोलायला हवं. एक थांबली की बाकीच्या त्याच क्षणी थांबल्या पाहिजेत. तांब्याच्या तारेतून हा निरोप नीट जात नाही, मोठमोठ्या मोटारी त्यात गडबड करतात. काचेच्या धाग्यातून उजेड पाठवला की मोटारी कितीही बोंबलोत, उजेडाला काही होत नाही. इथवर त्याचं. पुढचं सगळं माझं. निरोप कसा जायचा, एका मशीनकडून दुसरीकडे कसा फिरायचा, उजेड तुटला तर काय करायचं. मी असं बसवलं की धाग्यात उजेड नसेल तर एकही मशीन चालूच होणार नाही. रोलच्या तोंडाशी एक किरण लावला. हात आडवा आला की निरोप सुटायचा.

छोट्या शेठनं पेटंटचा अर्ज केला. मुंबईहून पेटंट एजंट यायला लागले. मराठी माणूस. किती बरं वाटलं मला! म्हटलं, आपल्या भाषेतला कुणी तरी आला. शोधणाऱ्याच्या जागी एकट्या छोट्या शेठचं नाव दिसलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, "साहेब, इथे माझंही नाव येईल ना?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही खानदेशातल्या का? बोलण्यावरून कळतं हो लगेच." मग म्हणाले, "अहो, शोध डोक्यातून लागतो. तुम्ही जोडणी केलीत. गवंड्याचं नाव कुणी बंगल्यावर लावतं का?"

शेठ हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी हसला. आपल्या भाषेतला माणूस! आपल्याच भाषेत इतकं स्वच्छ, इतकं शुद्ध बोलून त्यानं मला गटारात ढकललं. मी गप्प बसले. नोकरी दोघांची होती.

पुढे पेटंट ऑफिसातून परीक्षकाची हरकत आली. त्याचं म्हणणं सरळ होतं. उजेडानं निरोप पाठवणं जुनं, मशीन थांबवणंही जुनं, मग यात नवीन काय? आणि गरम, ओल्या, वाफेनं भरलेल्या कारखान्यात हे तारेपेक्षा लवकर काम करतं, याला पुरावा काय? मी त्या परीक्षकाला कधी पाहिलं नाही. पण नेमकं दुखणं त्यानंच धरलं.

कारण वाफेत ते चालत नव्हतं. पाहुण्यांच्या दिवशी वाफेचा कॉक बंद होता. वाफ सोडली की जिथं धागा धाग्याला जोडलाय तिथं ओल धरायची, उजेड मंद व्हायचा, पेटी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत बसायची. मशीन थांबायची, पण उशिरा. मी वाफ सोडून रोलमध्ये काकडी धरून पाहिली होती. कधी काकडी वाचायची. कधी नुसतं पाणी आणि बिया. तो चेंदा मी छोट्या शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, जोड बदलायला वेळ द्या.

"पेहले पेटंट, बाद में रिपेअर," तो म्हणाला आणि टेबल पुसायला माणूस बोलावला.

सुनावणीत दाखवायला व्हिडिओ काढायचा ठरला. कॅमेरावाला आला, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. एजंट मुंबईहून मुद्दाम आले. त्यांनी मशीनभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "वाफ दिसली पाहिजे. परीक्षकाची हरकतच ती आहे."

"वाफेत ते उशिरा थांबतं, साहेब," मी म्हटलं. "काकडी घालून दाखवू या. वाचली तर वाचली."

"काकडी बघून कोण मानेल?" ते म्हणाले. "माणसाचाच हात पाहिजे."

हे एवढं ते चहा पिता पिता बोलले. कप खाली ठेवलाही नाही.

शेठनं आबाला बोलावलं. आबा आला तो केस ओले करून, भांग पाडून. कॅमेरा आहे म्हणून. धुतलेला शर्ट घालून आला होता माझा बाप! मी त्याला बाजूला घेतलं. आमच्या बोलीत बोलले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

"आबा, हात घालू नको. ते येळवर थांबत नही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू बनाडेल शे ना?" म्हणजे तूच बनवलंयस ना?

"मीच बनाडेल शे. म्हनीसन सांगस."

त्याला ते पटेना. मिलमध्ये जो भेटेल त्याला तो सांगायचा, हे पोरीनं केलंय. रोलमध्ये हात घालायला तो कधी कचरला नाही, कारण कचरणं म्हणजे पोरीचं काम खोटं आहे म्हणणं. मशीनवर त्याचा विश्वास नव्हताच. माझ्यावर होता. आणि शेठला हे पक्कं ठाऊक होतं. तो जवळ आला, आबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, "तारी दीकरीए बनाव्युं छे, काका. पछी बीक शानी?" तुझ्या मुलीनं बनवलंय, मग भीती कसली?

आबा पुढे झाला. कॉक उघडला. वाफ भस्सकन वर आली. रोल फिरायला लागले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. आबानं बाही सारली, आणि मी लाल बटणावर हात मारला.

रोल थांबले.

"कोणे बंद कर्युं?" शेठ ओरडला. कुणी बंद केलं?

"में कर्युं," मी गुजरातीत म्हटलं. शाळेत शिकलेय मी, चांगली येते मला. "हवे तमारो हाथ नाखो, शेठ." मग एजंटालाही कळावं म्हणून मराठीत, "आता तुमचा हात घाला, नाहीतर यांचा." मी एजंटाकडे बोट केलं. "यांचा चालेल. तोही माणसाचाच आहे."

एजंटांनी कप खाली ठेवला, तेव्हा कुठे ठेवला. छोटा शेठ बुटांकडे बघत होता. मोठा शेठ माझ्याशी बोललाच नाही. तो आबाकडे वळला. आवाजही चढवला नाही त्यानं.

"पहेलां तारी छोकरीने एक थप्पड मार. पछी वात."

मी आबाकडे पाहिलं. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. आयुष्यात कधी त्यानं माझ्यावर हात उगारला नव्हता. मायनं मारलं तरी तो मध्ये पडायचा. तो माझ्याजवळ आला, आणि त्यानं मारली. जोरात. हळू मारून चालणार नव्हतं, शेठ बघत होता.

कानात कुईऽऽ वाजत होतं. त्यातून आबाचा आवाज आला, "माफ कर माय. दोन्हीसनी नोकरी जाई."

"हवे हाथ नाख," शेठ म्हणाला.

आणि आबा पुन्हा मशीनकडे निघाला! मार देऊनही सुटका नव्हती. पोरीला मारूनही त्याला हात घालायचाच होता. त्या क्षणी मला बापाचा इतका राग आला. खोटं कशाला सांगू, शेठपेक्षाही त्याचा जास्त आला. का निघालास रे बाबा? तुझा हात तुझा नाही का?

छोट्या शेठनं पुन्हा मशीन चालू करायला बटण सोडवलं. मी पॅनलमागे गेले. तिथं काचेची केबल होती. काच वाकते, पण किती वाकते ते मला माहीत होतं. दोन्ही मुठींत धरली आणि मोडली. मोडून पुन्हा मोडली. उजेड गेला. त्या मशीनवरचा गेला, शेजारच्या मशीनवरचा गेला, अख्ख्या रांगेत अंधार. छोटा शेठ बटणं दाबत राहिला. एक मशीन हलेना. मीच तसं बसवलं होतं.

तळहातात काचेचं बारीक कुसळ घुसलं होतं. दिसत नव्हतं, नुसतं टोचत होतं.

"बन्नेने काढो," शेठ म्हणाला. दोघांनाही हाकला. चौकीदारानं आबाची चप्पल आतून आणून गेटबाहेर फेकली. माझा डबा आतच राहिला. नवागामपर्यंत आबा माझ्यापुढे चालत होता. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. पुढे कित्येक दिवस तो माझ्या हातचं पाणी घेईना. त्याला लाज मारल्याची वाटत होती, का नोकरी गेल्याची, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मग तो चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामी लागला. दोन्ही हातांनी काम करतो.

व्हिडिओ काढला म्हणे नंतर. फोल्डिंग खात्यातल्या एका बाईनं सांगितलं. ओडिशाहून नवा आलेला एक माणूस उभा केला, वाफेचा कॉक बंद ठेवला आणि मशीनमागे स्टोव्हवर पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं. पडद्यावर वाफच वाफ. परीक्षकानं तरी काय करावं? त्याला मुंबईत बसून पातेलं दिसणार कसं? अर्ज स्वीकारला गेला, सरकारी गॅझेटात छापून आला. शोधणाऱ्याचं नाव, छोटा शेठ.

पॉलिटेक्निकच्या माझ्या बाईंनी ते वाचलं आणि मला बोलावून सांगितलं, छापल्यावर हरकत घेता येते, मुदत आहे. मी हरकत घेतली. खाली माझं नाव, नवागामचा पत्ता. शेठनं माणूस पाठवला. आधी नोकरी देऊ केली, मग धमकी. आबा दारातच बसला होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, माघार घे. तो म्हणाला नाही. माणूस जाईस्तोवर दारातून उठलाही नाही.

सुनावणी व्हायची आहे. मी जाणार. एजंट माझ्या बोलीला हसतील, हसू देत. माझं नाव लावा म्हणून मी भांडेनच, पण निकाल माझ्या बाजूनं लागेल असं मी धरून चाललेली नाही. पेटंट त्यांना मिळेल, पेट्या तयार होतील, सुरतेभोवती सचिन, पांडेसरा, हजीरा, सगळीकडे लागतील. लागू देत. ज्या कारखान्यात ती पेटी लागेल, त्याच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळी मी उभी राहणार. चौकीदार हाकलतील, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार. बाहेर पडणाऱ्या एकेकाला मराठीत, गुजरातीत, हिंदीत, माझ्या अहिराणीत सांगणार: हाई पेटी मी बनाडेल शे. हिना भरोसावर हात घालू नका.