टोलमामांची वावडी

आमच्या शाळेतले टोलमामा कुठल्याही टेबलाजवळ आले की आधी त्याचा कोपरा दोन बोटांनी दाबून बघत. टेबल हललं की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. मग खाकी शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा निघायचा, मामा गुडघ्यावर बसायचे, तो पायाखाली सारायचे आणि पुन्हा दाबून बघायचे. "लय डुगडुगत व्हतं," एवढं बोलून चालायला लागायचे. त्यांच्या खिशात असे तुकडे कायम सात-आठ तरी असत.

ते आमच्या शाळेचे शिपाई. हरसूलकडचे. शाळा शहरातल्या द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर, आणि टोल म्हणजे व्हरांड्यात दोरीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो मामांशिवाय कुणी वाजवायचा नाही, म्हणून टोलमामा. मी तिथे नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवत होतो. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला या माणसाचा हेवा वाटायचा. शिपायाचा हेवा करणारा बी.एस्सी. बी.एड. मास्तर म्हणून तुम्ही हसाल, खुशाल हसा. दहावीचा निकाल लागला की मी शिकवलेली मुलं पेढ्यांचा बॉक्स घेऊन फाटकातून आत यायची आणि आधी टोलापाशी थांबायची. माझ्यापर्यंत बॉक्स येईतो त्यात दोन-तीनच पेढे उरलेले असायचे. त्यातलाही एक मामाच सांभाळून ठेवायला लावायचे, "सरांना ठेवा रे," म्हणून. ते ऐकलं की तो पेढा माझ्या घशाखाली उतरत नसे.

भारनियमन सुरू झालं त्या वर्षांतली गोष्ट. संध्याकाळी हमखास वीज जायची आणि आमचं स्नेहसंमेलन नेमकं संध्याकाळीच असायचं. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, अडगळीच्या खोलीत एक जुनी गॅसबत्ती सापडली. साधी नाही. खाली रॉकेलची भलीमोठी टाकी, तिला पंप, आणि जाळीच्या मागे परातीएवढी चकचकीत तबकडी. हवा भरून पेटवली की समोरचं अख्खं मैदान उजळायचं. पण तिचा स्टँड कधीच हरवला होता. जमिनीवर ठेवली की मुलांचे फक्त पाय दिसायचे आणि टांगावी म्हटलं तर भरल्या कळशीपेक्षा जड.

"स्टँड मी करतो," मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. मामा चहा देत होते, त्यांच्या कानावर पडावं म्हणून जरा मोठ्यानंच. आठवडाभर मी आलेख कागदावर आकृत्या काढल्या आणि इंदिरानगरच्या एका वेल्डरकडून लोखंडी अँगलचा चार पायांचा स्टँड करून घेतला. वर हिरवा रंगही मारला. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांसमोर मैदानात त्यावर बत्ती चढवली. मैदान आमचं खडबडीत. स्टँडचा एक पाय टेकला की दुसरा उचलला जाई, टाकीतलं रॉकेल डुचमळलं. मामांचा हात नकळत खिशाकडे गेला. "पुठ्ठा नको!" मी ओरडलो. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ही पेटलेली बत्ती एखाद्या मुलाच्या अंगावर पडेल."

सोमवारी मामा गावाहून आले ते एसटीच्या टपावर वावडी टाकून. वावडी म्हणजे खळ्यावर धान्य उपणताना ज्यावर माणूस उभा राहतो ती उंच, तीन पायांची घोडी. मामांनी तिच्या माथ्यावर फळी बसवून काथ्यानं आवळली होती. मैदानात जिथे सर्वांत जास्त खड्डे, तिथेच त्यांनी ती उभी केली, वर बत्ती ठेवली आणि दोन बोटांनी दाबून बघितली. तसूभर हलली नाही.

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एकरेषीय नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं, हे मी दर वर्षी नववीला घसा फोडून सांगत आलो होतो. आणि स्टँड केला तो चार पायांचा!

"मामा, हे कसं सुचलं तुम्हाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सरांनीच सांगितलं ना बाई. तीन पाय घे म्हनले, नाय हलायचं."

मी काहीच सांगितलं नव्हतं. तोंड उघडायला एवढा वेळ होता, पण मी ते उघडलं नाही. संमेलनात वीज गेली, बत्ती पेटली, मोठ्या बाईंनी माझं नाव घेतलं आणि मी उठून टाळ्यांना नमस्कार केला. मामा वावडीपाशी पंप मारत होते. त्यांनीही हात मोकळा करून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून माझा हेवा दुप्पट झाला. आधी निदान त्यांनी माझं काही घेतलंय, असं तरी मला म्हणता येत होतं.

पुढे दर संमेलनाला ती वावडी निघायची आणि दर वेळी मी दुसरीकडे बघायचो.

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी बोलायला उभा राहिलो. रात्रभर मनाशी घोकलेलं होतं. "वावडीची कल्पना माझी नव्हती," मी म्हणालो, "ती मामांची. मी फुकटचं श्रेय घेतलं." एवढं बोलून थांबलो. आता सगळे अवाक् होतील, असं मला वाटलं होतं.

पहिल्या रांगेतली दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ते तर सगळ्यांना माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? टोलाच्या दोरीला असते तीच गाठ वावडीच्या काथ्याला आहे ना सर. ती फक्त मामांना येते. आणि तुमचा चार पायांचा स्टँड अजून अडगळीच्या खोलीत आहे."

सगळं सभागृह हसलं. मोठ्या बाई मान खाली घालून पदर सारखा करत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं, माझं नाव घेतलं त्या दिवशीही! इतकी वर्षं मी एकटाच ते गुपित सांभाळत बसलो होतो.

मी खुर्चीकडे परतलो. मामा हार सावरत माझ्याजवळ आले. "सर, आईशप्पथ, मी कुनाला बोललो नाय."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो आणि बसलो. खुर्ची कलली. मामांचा चेहरा पुन्हा दाढ दुखल्यासारखा झाला. गळ्यातला हार एका हातानं धरून ते सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसले, खिशातला पुठ्ठा काढून माझ्या खुर्चीच्या पायाखाली सारला आणि दोन बोटांनी दाबून बघितलं.

"आता बसा निवांत," ते म्हणाले.

खुर्ची नंतर हलली नाही. मला तेव्हाही त्यांचा हेवाच वाटला.